बाजारतळावर कोणते झाड लावावे?

सावली म्हणजे पैसा

बाजारचा दिवस आहे. वैशाखाचे ऊन आहे. भाजीवाली मावशी पहाटे उठून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधते. ९ वाजता बाजारतळावर येऊन बसते. तेव्हा तिची मेथी हिरवीगार असते. १२ वाजता पाने मान टाकतात. मावशी पाणी शिंपडते, ओले पोते झाकते. पण वरून ऊन आणि खालून तापलेली जमीन. २ वाजता गिऱ्हाईक येते, जुडी हातात घेते आणि म्हणते, "मावशी, ही तर सुकली. निम्म्या भावात द्या." मावशी देते. न देऊन करील काय?

गाळ्यात बसणाऱ्या दुकानदाराच्या डोक्यावर पत्रा असतो. उघड्यावर बसणाऱ्याच्या डोक्यावर काहीच नसते. बाजारतळावर बहुतेक माणसे उघड्यावरच बसतात. कुंभार, बुरूड, भाजीवाल्या, फळवाले, कोंबड्या विकणारे. त्यांच्यासाठी सावली ही चैन नव्हे. सावलीत भाजी टिकते, भाव टिकतो, गिऱ्हाईकही चार घटका जास्त थांबते. म्हणजे सावली हा धंद्याचाच भाग आहे.

मग आपल्या बाजारतळावर झाडे का नाहीत? लावली नाहीत असे नव्हे. १९५० साली त्या वेळचे अन्नमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी देशात वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून दर पावसाळ्यात गावोगाव रोपे लागतात. पण पुष्कळ ठिकाणी पुढच्या उन्हाळ्यात तिथे वाळकी काडी उभी असते. मग पावसाळा येतो आणि त्याच खड्ड्यात पुन्हा नवे रोप लागते.

असे का होते? दोन कारणे आहेत. एक, झाड निवडताना आपण जागा पाहत नाही. दुसरे, झाड लावल्यावर आपण त्याला विसरतो. या धड्यात या दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

ग्रामसभेतले बोलणे

समजा, तुमच्या गावच्या ग्रामसभेत हा विषय निघाला.

सरपंच म्हणाले, "या पावसाळ्यात बाजारतळावर झाडे लावू. कोणती लावायची ते तुम्ही सांगा."

कापडवाले शेटजी म्हणाले, "गुलमोहर लावा, सरपंच. लालभडक फुलतो. बाजाराला शोभा येते."

भाजीवाली मावशी उठून उभी राहिली. "शोभा खरी, शेटजी. पण चैतात गुलमोहराला पानंच नसत्यात. आमी बसायचं कुठं? वाळल्या शेंगांखाली?"

लोक हसले. शेटजीही हसले.

एक तरुण म्हणाला, "मग निलगिरी लावा. झटपट वाढते."

एक म्हातारेबाबा म्हणाले, "वाढते रे बाबा. पण सरळ वर जाते. तिची सावली ती केवढी? तिच्याखाली चार माणसं बसायची न्हाईत."

हॉटेलवाला म्हणाला, "तर मग वडच लावू माझ्या हॉटेलापुढं. गिऱ्हाईक सावलीला थांबंल, च्या पिईल."

म्हातारेबाबा म्हणाले, "वडासारखी सावली कुणाची न्हाई. पण तो तुझ्या हॉटेलाची भिंत फोडील. त्याला मोकळा कोपरा पायजे."

सरपंच म्हणाले, "म्हणजे झाड वाईट नसतं. जागा चुकली, की तेच झाड तापदायक होतं. तर आधी जागा बघू, मग झाड ठरवू."

सरपंचांचे म्हणणे बरोबर आहे. आपणही तसेच करू.

आधी जागा पाहा

बाजारतळावर भर दुपारी एक चक्कर मारा. बरोबर दोन-चार विक्रेते घ्या. आणि पाच गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, ऊन. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून येते आणि झाडाची सावली पूर्वेकडे पडते. बाजार दुपारी भरत असेल, तर माणसे बसतात त्या ओळीच्या पश्चिमेला झाडे लावा. पूर्वेला लावाल, तर दुपारची सावली दुसऱ्याच जागेवर पडेल आणि माणसे उन्हातच बसतील.

दुसरी गोष्ट, तारा. डोक्यावरून विजेच्या तारा गेल्या असतील, तर त्यांच्याखाली उंच वाढणारे झाड लावू नका. ते वाढले की वरून छाटावे लागते. मग ना सावली ना शोभा. शिवाय फांदी तारेला लागली, तर जिवाला धोका.

तिसरी गोष्ट, भिंती आणि पाणी. गाळ्यांच्या भिंती, गटार, नळाची वाट, विहीर हे सारे कोठे आहे? मोठे झाड भिंतीपासून निदान १५ फूट दूर हवे.

चौथी गोष्ट, गाड्यांची वाट. टेम्पो, बैलगाडी कोठून आत येते आणि कोठे वळते? त्या वाटेत रोप लावले, तर ते पहिल्याच बाजारी चाकाखाली जाईल.

पाचवी गोष्ट, जमीन. बाजारतळाची जमीन शेतासारखी मऊ नसते. वर्षानुवर्षे पायांनी आणि चाकांनी तुडवून ती फरशीसारखी घट्ट झालेली असते. तिथे हातभर खड्ड्याने भागत नाही.

आणि आपला मुलूखही ध्यानात घ्या. कोकणात वर्षाला १०० इंचांच्या वर पाऊस पडतो. सोलापूर, नगरकडच्या कोरड्या भागात तो २०-२५ इंचच पडतो. एकीकडचे झाड दुसरीकडे जगेलच असे नाही. आपल्या शिवारात बिनपाण्याचे कोणते झाड जोमाने उभे आहे ते पाहा. ते आपल्या मातीचे झाड आहे असे समजा.

कोणते झाड कोठे?

कडुनिंब : कोरड्या मुलखात बाजारतळासाठी याच्यासारखे झाड नाही. उन्हाला आणि कमी पाण्याला तो डगमगत नाही. माघ-फाल्गुनात पाने गळतात, पण ऊन चढेपर्यंत नवी पालवी आलेली असते. दोन झाडांत २५ ते ३० फूट अंतर ठेवा. मात्र पाणी तुंबते अशा जागी तो लावू नका.

करंज : सावली दाट, झाड मध्यम उंचीचे. शेळ्या-मेंढ्या याला फारसे तोंड लावत नाहीत, हा मोठा गुण. हे कोकणातही होते आणि देशावरही होते. बियांचे तेल निघते.

चिंच : हळू वाढते, पण पिढ्यान् पिढ्या टिकते. फांदी चिवट असते, वाऱ्याने सहसा मोडत नाही. चिंचा धरू लागल्या, की ग्रामपंचायत दरवर्षी त्यांचा लिलाव करू शकते. गाड्या आणि बैल थांबतात तिथे चिंच लावा.

वड आणि पिंपळ : यांना बाजारतळाचा मोकळा कोपरा द्या. चहूबाजूंनी ५०-६० फूट जागा हवी. एकच लावा आणि पुढे त्याला पार बांधा. गाळे, विहीर, गटार यांच्याजवळ यांना आणू नका. यांची मुळे भेगेत शिरतात आणि भिंत फोडतात.

बकूळ : हळू वाढते, पण बारा महिने हिरवी असते आणि आटोपशीर राहते. गाळ्यांसमोर जागा थोडी असेल, तर बकूळ चांगली. फुलांचा वास आणि गर्द सावली दोन्ही मिळतात. थोडे पाणी मात्र हवे.

कांचन : झाड ठेंगणे. तारांच्या जवळच्या जागेला आणि चहाच्या टपरीपुढे शोभते.

जांभूळ : सावली गार, फळ गोड. पण ज्येष्ठ-आषाढात जांभळांचा सडा पडतो आणि त्याचे डाग जात नाहीत. कापडाच्या दुकानापुढे जांभूळ नको. बाजारतळाच्या कडेला, ओढ्याच्या बाजूला लावा.

ताम्हण आणि बहावा : ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यफूल. त्याला ओलाव्याची जागा हवी. बहावा पिवळ्या घोसांनी फुलतो, पण फुलतो तेव्हा त्यावर पाने थोडीच असतात. ही दोन्ही झाडे शोभेची. वेशीकडच्या वाटेवर लावा. सावलीच्या ओळीत लावू नका.

गुलमोहर : हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे. मुळे उथळ, लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात त्याची फांदी मोडते, कधी झाडच उन्मळते. जिथे माणसे दिवसभर खाली बसतात, तिथे ते नको.

कोकणच्या किनाऱ्यावर खारा वारा असतो. तिथल्या बाजाराला उंडी, भेंड आणि करंज ही झाडे चांगली. तो वारा त्यांना सोसतो.

सगळी झाडे एकाच जातीची लावू नका. एखादी कीड आली, तर सारी ओळ एकदम जाईल. दोन-तीन जाती मिसळून लावा.

झुडपे आणि कुंपण

बाजारतळाच्या कडेला कुंपण हवे असते. तारेचे कुंपण महाग पडते. झुडपांचे कुंपण स्वस्त पडते आणि धूळही अडवते.

अडुळसा आणि निर्गुडी या दोघांना जनावर सहसा तोंड लावत नाही. दोन्ही पावसाळ्यात फांदी खोचून लागतात. डोंगराळ भागात करवंद लावा. त्याला काटे असतात, आणि उन्हाळ्यात फळही मिळते. मेंदीचे कुंपण छाटून बसके ठेवता येते. दुकानाच्या दारात तगर, जास्वंद बरी दिसते, पण जास्वंद शेळ्यांपासून राखावी लागते.

आता सावधगिरीची गोष्ट. कण्हेर दिसायला सुंदर. फारसे पाणी मागत नाही, जनावरे खात नाहीत. म्हणून लोक ती लावतात. पण तिचे पान, फूल, बी, सारे विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीचे बी पोटात गेले, तर माणूस दगावतो. बाजारात लहान मुले असतात, बांधलेली जनावरे असतात. तिथे कण्हेर नको. शेराचा चीक डोळ्यात गेला, तर डोळ्याला इजा होते. घाणेरी रानभर पसरते आणि गुरांना बाधते. ही झुडपेही बाजारतळावर आणू नका.

खड्डा उन्हाळ्यात, रोप पावसाळ्यात

पुष्कळ लोक पाऊस पडल्यावर घाईघाईने खड्डा खणतात. ही पद्धत चांगली नाही. खड्डे वैशाखातच खणून ठेवा. महिनाभर ऊन खाऊ द्या. मातीतली कीड मरते.

मोठ्या झाडाला ३ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट खोल खड्डा हवा. झुडपाला दीड फूट पुरे. वरची चांगली माती एका बाजूला ठेवा, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. खड्ड्याचा तळ पहारीने आणखी हातभर मोकळा करा. बाजारतळाच्या घट्ट जमिनीत हे काम चुकवू नका. तळ घट्ट राहिला, तर मुळे कुंडीतल्यासारखी फिरत राहतात. मग झाड खुंटते, आणि पुढे वाऱ्याने पडते.

खड्डा भरताना तळाशी वाळका पालापाचोळा घाला. त्यावर वरची चांगली माती, तळ्यातला गाळ आणि दोन पाट्या मुरलेले शेणखत मिसळून भरा. ओले, ताजे शेण घालू नका. त्याने वाळवी लागते. दोन मुठी निंबोळी पेंड घातली, तर वाळवीला आळा बसतो. माती जमिनीच्या थोडी वर येईल इतकी भरा. पावसाने ती खाली बसते.

मृगाचा पाऊस होऊन जमीन हातभर खोल भिजली, की रोप लावा. पहिल्या सरीला भुलू नका. आर्द्रा लागेपर्यंत थांबलात तरी चालेल.

रोप कसे निवडावे? शेतात वीतभर रोप चालते. बाजारतळावर ते पायाखाली जाते. इथे ५-६ फूट उंचीचे, सरळ, अंगठ्याएवढ्या जाड खोडाचे रोप आणा. वनखात्याच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत चौकशी करा. पिशवीतली मुळे गोल गुंडाळलेली असतील, तर ते रोप घेऊ नका.

लावताना पिशवी ब्लेडने कापून काढा. पिशवीसकट लावू नका. मातीचा गोळा फुटू देऊ नका. पिशवीत रोप जेवढे खोल होते, तेवढेच खोल लावा. माती पायाने हलकेच दाबा. शेजारी बांबूची काठी रोवा. पावसाळी वारा आपल्याकडे बहुधा नैऋत्येकडून, म्हणजे दक्षिण आणि पश्चिम यांच्या मधून येतो. काठी त्या बाजूला ठेवा. जुन्या कापडाच्या पट्टीने रोप काठीला सैल बांधा.

राखण आणि पाणी

बाजारतळावर रोपाचे वैरी पुष्कळ. शेळी, बैल, टेम्पो आणि आपण स्वतः. रोपाभोवती बांबूची टोपली किंवा बाभळीच्या काटेरी फांद्यांचा कोट करा. गाड्यांच्या बाजूला दोन मोठे दगड पुरा. लोखंडी जाळी लावली, तर खोड जाड झाल्यावर ती आठवणीने काढा. नाहीतर तीच खोडात रुतते.

पाण्याचा प्रश्न खरा दिवाळीनंतर येतो. रोपाभोवती आळे करा. आळ्यात पालापाचोळा किंवा उसाचे पाचट पसरा. ओल टिकते. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, दर खेपेला दोन घागरी पाणी द्या. पाणी टंचाईचे असेल, तर रोपाजवळ एक मडके गळ्यापर्यंत पुरा. मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घाला. मडके भरून ठेवा. पाणी थेंबाथेंबाने मुळाशी जाते, वाया जात नाही.

हॉटेलातले साबणाचे आणि तेलकट पाणी, सुक्या मासळीचे खारे पाणी आळ्यात ओतू नका. त्याने झाड जळते.

असे तीन उन्हाळे काढावे लागतात. चौथ्या वर्षी कडुनिंब, करंज आपल्या पायावर उभे राहतात.

पण पाणी घालायचे कुणी? इथेच सारे अडते. 'गावाचे झाड' म्हटले, की ते कुणाचेच राहत नाही. म्हणून झाडे वाटून द्या. ज्याची बसायची जागा ज्या झाडाखाली येणार, त्याने ते राखावे. भाजीवाल्या मावशीचे एक, हॉटेलवाल्याचे एक, शेटजींचे एक. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर झाडाचा नंबर आणि राखणाऱ्याचे नाव लिहा. आता तुम्हांला लिहिता येते. ते नाव तुम्हीच लिहा. महिन्याच्या शेवटच्या बाजारी सगळ्यांनी मिळून झाडे मोजा आणि फळ्यावर आकडा टाका.

मोठ्या झाडाची काळजी

झाड वाढले म्हणजे काम संपले असे नाही. दुकानाची पाटी लावायला झाडाला खिळे ठोकू नका. पालाची दोरी खोडाला करकचून बांधून तशीच ठेवू नका. दोरी सालीत रुतली, की वरच्या पानांनी तयार केलेले अन्न मुळांपर्यंत पोचत नाही. खोडाशी कचरा पेटवू नका.

बुंध्याला लागून सिमेंट ओतू नका. मुळांना पाणी आणि हवा दोन्ही लागतात. दिल्लीत झाडांच्या बुंध्यांना असेच सिमेंट झाले होते. २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने हुकूम दिला, की झाडाभोवती १ मीटरपर्यंतचे सिमेंट काढून टाका. आपण आधीच ३-४ फूट जागा मोकळी ठेवावी.

वाळलेली फांदी दिसली, तर ग्रामपंचायतीला लगेच कळवा. तारेजवळची फांदी स्वतः तोडू नका. वीज कंपनीच्या माणसाला बोलवा. आणि वळवाचा पाऊस आला, विजा चमकू लागल्या, तर झाडाखाली उभे राहू नका. पक्क्या इमारतीत जा.

झाड तोडण्याआधी चौकशी करा. आंबा, चिंच, जांभूळ अशी काही झाडे तोडायला आपल्या राज्यात १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. ही समज आपल्याकडे जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही रयतेची आंब्या-फणसाची झाडे जबरदस्तीने तोडू नयेत असे बजावले आहे. झाड एका-दोन वर्षांत होत नाही, हे तेव्हाही लोकांना ठाऊक होते.

ध्यानात ठेवा

१. आधी जागा पाहा, मग झाड निवडा.
२. सावलीसाठी उन्हाळ्यात पाने असणारे झाड लावा.
३. खड्डा वैशाखात, रोप मृगानंतर.
४. तीन उन्हाळे पाणी द्या.
५. एक झाड, एक राखणारा.

हिशेब करा

बाजारतळाची पश्चिमेकडची कड १५० फूट आहे. दोन कडुनिंबांत ३० फूट अंतर ठेवायचे आहे. १५० ला ३० ने भागा. ५ अंतरे आली. दोन्ही टोकांना झाड धरले, तर ६ झाडे लागतील. एका झाडाला आठवड्यात ४ घागरी पाणी. ६ झाडांना २४ घागरी. सहा जणांनी वाटून घेतले, तर प्रत्येकाला ४ घागरी. आता आपल्या बाजारतळाची कड पावलांनी मोजा आणि तुमचा हिशेब वहीत मांडा.

प्रश्न

१. भाजीवाल्या मावशीने गुलमोहराला नको का म्हटले?
२. माणसे बसतात त्या ओळीच्या कोणत्या बाजूला झाडे लावावीत? का?
३. बाजारतळावर कण्हेर का लावू नये?
४. खड्ड्याचा तळ पहारीने का मोकळा करावा?
५. तुमच्या बाजारतळावर आज किती झाडे आहेत? त्यांची नावे लिहा. प्रत्येकापुढे ते कोण राखते ते लिहा. कुणी राखत नसेल, तर तिथे आपले नाव घाला.